सोमाजीचे चार भाऊ

आमच्या सोमाजीनं माऊस वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. "बोट दाखवून काम सांगाले मी का जमीनदार आहो?" असं विचारतो. सर्व्हरला तो हुकूम देतो, तोही लेखी. काळा पडदा, पांढरी अक्षरं. प्रत्येक हुकूम टाइप करून पोथीसारखा मोठ्यानं वाचतो आणि एंटर दाबण्यापूर्वी साक्षीदार मागतो. जवळ जो असेल त्यानं "हो" म्हणायचं. चहावाल्या शेवंताबाई तर दारातूनच "हो, हो, दाब एकदाचं" म्हणतात.

आलापल्लीजवळच्या आमच्या छोट्या संस्थेत जंगलात बांधलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो येतात. वाघ, अस्वल, सांबर. मी तिथला बडा बाबू, म्हणजे मला सही येते. सोमाजी मुळात झाडाला कॅमेरे बांधणारा. सर्व्हर आला तेव्हा कुणी हात लावेना. यानं हुकूम वहीत उतरवून घेतले आणि पाठ केले.

फोटो साठवणाऱ्या सर्व्हरमधल्या चार डिस्क त्यानं एकत्र बांधल्या आहेत. "हे चार भाऊ आहेत, बाबूजी. एक मेला तर तिघं त्याचं घर चालवतेत. पण त्याच्यामागं दुसरा गेला का खानदान खल्लास!"

या उन्हाळ्यात एक भाऊ गेलाच. सर्व्हर ओरडू लागला. सोमाजीनं डिस्कांची यादी मागवली, वाचली. "दोन नंबर गेला. काढा, मी नवा खोलतो."

अशी संधी मी सोडतो होय? बाह्या सरसावल्या, वरून मोजलं, एक, दोन, आणि डिस्कच्या कडीला हात घातला.

"हात काढा!"

शेवंताबाईंच्या हातून कप पडला.

"तो जिता आहे, बाबूजी! मशीन शून्यापासून मोजते! शून्य, एक, दोन!"

"शून्य नंबरचा भाऊ असतो का रे कुठी?"

"असते. थोरला शून्यच असते. मी थोरलाच आहो."

मग त्यानं एक हुकूम दिला आणि वरून तिसऱ्या खणाचा दिवा लुकलुकू लागला. "पाहा, हाजरी देऊन राह्यला." मेलेला निघाला, नवा बसला. नव्या भावाला घरात घ्यायचा हुकूम झाला, मी "हो" म्हटलं. बाकी तिघांकडून नव्यात फोटो भरू लागले. एक टक्का. दोन टक्के. सोमाजी स्टुलावर बसला तो उठेचना. एक हात मशीनवर, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

"अरे, वाघांचे फोटो पुन्हा काढता येतील," मी म्हणालो.

"वाघांचे येतील," तो म्हणाला.

संध्याकाळी शंभर टक्के झाले. त्यानं 'अस्पष्ट रानडुक्कर' नावाचा फोल्डर उघडला. पडद्यावर पहाटेची पायवाट आणि टोपली घेतलेली एक बाई. त्याची रुखमा, दोन वर्षांपूर्वी वारलेली. कॅमेऱ्यात आलेली माणसं पुसून टाकायची, असा आमचा नियम.

"डुकराचा फोल्डर कोणी खोलत नाई," तो मान खाली घालून म्हणाला.

मोहाची फुलं वेचायला जाताना रुखमाला ठाऊक असायचं, फोटो शेवटी कोणाकडे जातात ते. पुढचा फोटो, त्याच्या पुढचा. रोज ती कॅमेऱ्यासमोर थांबलेली, पाचही बोटं जुळवून ओठांशी नेलेली.

"काय म्हणते रे?"

"जेवले का, म्हणते."

मी चष्मा पुसायला घेतला. सोमाजी पडद्याकडे झुकला आणि हलकेच म्हणाला, "जेवलो व."

खोटं होतं. सकाळपासून त्यानं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.