चादरीवरचं इंजिन

गाडीचं इंजिन मी स्वतः दुरुस्त करणार, असं रविवारी सकाळी चहा पिताना मी जाहीर केलं, तेव्हा घरात जी शांतता पसरली तिला मी कौतुक समजलो. माझा आत्मविश्वास उगीच नव्हता. मी घड्याळजी आहे. तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरणाऱ्या माणसाला इंजिन म्हणजे काय, नुसतं फुगलेलं घड्याळ!

आमच्या जुन्या गाडीचं दुखणं असं होतं की, पळताना ती गुणी बाळासारखी पळायची, पण सिग्नलला उभी राहिली की थंडी भरल्यासारखी कुडकुडायची आणि बंद पडायची. मेकॅनिक लोक याला ‘मिसिंग’ म्हणतात. एरवी आम्ही ते चालवूनही घेतलं असतं. पण सोमवारी याच गाडीवर बायकोची लायसन्सची परीक्षा होती. तिला शहराबाहेरच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली होती. पहाटेच्या पाळीला तिकडे बस जात नाही, आणि लायसन्स दाखवल्याशिवाय ते लोक रुजू करून घेणार नव्हते. मागच्या खेपेला गाडी परीक्षा घेणाऱ्या साहेबांसमोरच बंद पडली होती. या खेपेलाही तसंच झालं असतं तर नोकरी हातची गेली असती.

बायको म्हणाली की सरळ गॅरेजमध्ये नेऊ. रविवारी गॅरेज बंद असतं, हे मी तिला इतक्या आनंदानं सांगितलं की तिनं कपाळाला हात लावला.

मी अंगणात पांढरी चादर अंथरली. घड्याळजीची ही शिस्तच असते. जो भाग ज्या क्रमानं निघाला, त्याच क्रमानं पांढऱ्या कपड्यावर ठेवायचा, म्हणजे खुणा नकोत की चिठ्ठ्या नकोत. मी चारही प्लग काढले, त्यांना वीज पुरवणाऱ्या चारही तारा दोन्ही टोकांनी सोडवल्या आणि सगळं ओळीनं मांडलं. मग डोळ्याला भिंग लावून एकेक प्लग तपासला. चारही धडधाकट होते. मी विचार करण्यासाठी घरात जाऊन पाणी प्यायलो. बाहेर आलो, तर चादर गायब!

आमच्या सासूबाई आमच्याकडेच राहतात, आणि त्यांना कपड्यावर डाग दिसला की त्यांचा जीव कासावीस होतो. चादर बादलीत भिजत होती. प्लग आणि तारा स्टीलच्या डब्यात एकत्र नांदत होत्या.

“काही हरवलं नाही हो जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “सगळं मोजून डब्यात टाकलंय. पुसूनसुद्धा ठेवलंय.”

कुठली तार कुठे होती ते माझ्या डोक्यात नव्हतं, चादरीवर होतं, आणि चादर साबणाच्या फेसात होती. मी अंदाजानं तारा जोडल्या आणि चावी फिरवली. सायलेन्सरमधून असा बार उडाला की समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर पाण्याची बादली घेऊन धावत आले. मी त्यांना समजावून परत पाठवलं. तारा बदलल्या, चावी फिरवली, दुसरा बार. हेडमास्तर पुन्हा आले. या खेपेला ते गेले नाहीत. बादली पायाशी ठेवून आमच्याच पायरीवर बसून राहिले.

बायको दारात येऊन उभी राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे एवढंच म्हणाली, “उद्या मी हॉस्पिटलात फोन करून सांगते, येत नाही म्हणून.” भिंगामुळे माझ्या डोळ्याभोवती ग्रीसचं काळं कडं उमटलं होतं, पण तिला हसूही आलं नाही.

पुढचे कित्येक तास मी तारांच्या जोड्या लावत राहिलो. आणि दुपार कलता कलता चावी फिरवली, तर गाडी पुन्हा पूर्वीसारखी कुडकुडायला लागली! अगदी तेच मिसिंग! आपली गाडी पहिल्याइतकीच बिघडलेली आहे, याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. मी हेडमास्तरांना मिठी मारली.

तेवढ्यात इंजिनावर सांडलेल्या तेलाचा थोडा धूर निघाला. सासूबाई कुंड्यांवर पाणी मारायचा फवारा घेऊन आल्या आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी इंजिनावर फवारा मारला.

गाडी एकदम शांत झाली. मला वाटलं बंद पडली. पण नाही, ती चालत होती, एका लयीत, नुकत्याच तेल घातलेल्या घड्याळासारखी. सासूबाई थांबल्या, गाडी पुन्हा कुडकुडली.

“आई, पुन्हा मारा,” मी हळूच म्हटलं. “तिथेच. हलू नका.”

फवारा एका बारीक रबरी नळीवर पडत होता. नळीच्या टोकाला केसाएवढी चीर होती. तिच्यातून इंजिन चोरून हवा ओढत होतं. पळताना त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, उभं राहिलं की मात्र जीव जात होता. चिरेवर पाणी पडलं की चोरवाट बंद! मी नळीचं चिरलेलं टोक ब्लेडनं कापलं आणि नळी पुन्हा घट्ट बसवली. अख्ख्या दिवसाचं काम तेवढंच होतं.

सोमवारी परीक्षेच्या मैदानाबाहेर मी आणि सासूबाई कुंपणाला नाक लावून उभे होतो. सुरुवातीलाच गाडीतून करकरणारा आवाज आला. गाडी कुडकुडत नाही म्हणजे बंद असणार, असं वाटून बायकोनं चालू गाडीची चावी पुन्हा फिरवली होती! साहेब काहीतरी बोलले. मग गाडी निघाली, वळली, चढावर थांबली, आणि थांबूनही चालूच राहिली.

बायको गाडी घेऊन बाहेर आली ती हसतच. पास झाली होती! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. नोकरी वाचली होती, आणि थोडाफार मीही वाचलो होतो.

“साहेब म्हणाले, एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन इतकं गोड कसं चालतं? कुणाकडे दुरुस्त करता?”

मी कॉलर नीट केली. “मग तू काय सांगितलंस?”

“खरं तेच सांगितलं. आमची आई करते म्हटलं. त्यांची गाडीही उभी राहिली की थरथरते म्हणे. संध्याकाळी घेऊन येतायत.”

सासूबाईंनी चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, “जावईबापू, संध्याकाळी घरी असाल ना? बोनेट उघडायला कुणीतरी लागेल.”

मी मान डोलावली आणि निमूट मागच्या सीटवर जाऊन बसलो.