वकीलसाहेबांनी मोटार उघडली

सदाशिवराव वकिलांच्या मोटारीचे टोपण वर करून चांदपाशा मिस्त्रीने आत डोकावून पाहिले, कान लावला, धूर हुंगला आणि टोपण इतक्या अलगद मिटले की आत कोणी आजारी माणूस झोपले असावे. शहागंजच्या या मिस्त्रीची औरंगाबादेत तीच ख्याती होती. त्याने आजवर कोणाच्या मोटारीला वाईट म्हटले नव्हते, आणि मोटारीच्या मालकाला तर नाहीच नाही.

"गाडी खानदानी आहे, वकीलसाब," तो म्हणाला. "फकस्त दम गेलाय. रिंगा झिजल्या. इंजन सगळं खोलावं लागंल. पाच दिवस लागतील, आन् पंचाहत्तर रुपये. तेबी इंग्रजी कलदार. रिंगा मुंबईहून येतात, तिथं आपला निजामी हाली रुपया कोन घेत नाय."

विचार करून सांगतो, असे सदाशिवराव म्हणाले. वकील विचार करतो म्हणाला की समोरच्याने आशा सोडावी, हे चांदपाशाला ठाऊक होते. तरी त्याने अदबीने सलाम केला आणि निघून गेला.

एरवी ही मोटार महिनाभर दारात उभी राहिली असती तरी कोणाचे काही बिघडले नसते. पण आदल्या सोमवारी फुलंब्रीला त्यांच्या पत्नी उमाबाईंच्या भावाला, काकासाहेबांना, तीन मुलींवर मुलगा झाला होता. बारावा दिवस पुढच्या शुक्रवारी येत होता. मुलाला आत्या एकच, ती म्हणजे उमाबाई. तिने कानात नाव सांगितल्याशिवाय पाळणा हलायचा नाही. म्हणजे जाणे तर भाग होतेच, प्रश्न फक्त कशातून जायचे एवढाच होता.

त्या प्रश्नाला मागचा इतिहास होता. दिवाळीत हीच मोटार वाटेतल्या चौका गावाच्या चढावर जी बसली ती उठलीच नाही. शेवटी काकासाहेबांनी बैलजोडी पाठवली आणि जावईबापू मोटारीत ताठ बसून, बैलांच्या चालीने, भर दुपारी फुलंब्रीत शिरले. सगळे गाव दारात उभे होते. तेव्हापासून सासुरवाडीचे कोणीही भेटले की "दाजी, बैलं पाठवू का?" असे विचारल्यावाचून राहत नसे. उमाबाईंनी आपला सरळ हिशेब मांडला, एक तर मिस्त्रीला काम द्या, नाहीतर टांगा सांगा. त्यावर सदाशिवरावांनी ताडकन सांगून टाकले की मोटार स्वतःच्या पायांनी फुलंब्रीला जाईल, नाहीतर दुसऱ्या दिवशी विकून टाकीन. बोलून गेल्यावर त्यांना जरा धसका बसला, कारण मोटारीवर त्यांचा जीव होता. पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

रात्री जेवताना त्यांनी पत्नीसमोर आपली बाजू मांडली. खोट काढणार मिस्त्री, आणि खोट निघाली तर पैसे मिळणार तेही मिस्त्रीलाच. असला हितसंबंधी साक्षीदार कोणत्या अदालतीत चालेल? शिवाय मोटारीबरोबर आलेले जाडजूड इंग्रजी पुस्तक घरात होते. छावणीतल्या ज्या गोऱ्या साहेबाकडून मोटार घेतली, त्याने ते कधी उघडलेसुद्धा नव्हते. रिंगा विकत आणायच्या आणि पुस्तक वाचून बसवायच्या, यात काय मोठेसे?

"आपण कायदासुद्धा पुस्तक वाचूनच शिकलो ना?" त्यांनी विचारले.

"कायदा चुकला तर अशील तुरुंगात जातो," उमाबाई भात वाढता वाढता म्हणाल्या. "इथं चौक्याच्या चढावर आपण दोघं बसू."

गुरुवारी शहागंजात चांदपाशा समोर आला आणि त्याने काय ठरले ते विचारले. आपणच पाहणार आहोत, असे सदाशिवरावांनी सांगितले. चांदपाशा "माशाअल्ला" म्हणाला आणि लागेल ते हत्यार घेऊन जा म्हणून आग्रह करू लागला. हत्यारे तेवढी वकीलसाहेबांनी घेतली.

निजामाच्या राज्यात शुक्रवारी कचेऱ्या बंद. पहाटेच धोतराचा काचा मारून सदाशिवराव अंगणात मोटारीपुढे बसले. वीस वर्षे त्यांनी अदालतीत एक गोष्ट नेकीने केली होती, ती म्हणजे एकही कागद क्रमाबाहेर जाऊ दिला नव्हता. तोच रिवाज त्यांनी इथे चालवला. जो भाग बाहेर निघेल त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर निशाणी क्रमांक, भाग कुठून निघाला, शेजारी कोण होते आणि तोंड कोणीकडे होते, असा सगळा तपशील. मग तो मोरीशेजारच्या चटईवर क्रमाने ठेवायचा. दिवेलागणीपर्यंत एकशे सदतीस निशाण्या दाखल झाल्या होत्या आणि इंजिनाच्या जागी एक पोकळी राहिली होती. इतका स्वच्छ पुरावा आपण आयुष्यात पाहिला नाही, असे त्यांना वाटले आणि खरे सांगायचे तर ते खरेच होते. हात काळे, कंबर मोडलेली, पण असे सुख त्यांना कित्येक वर्षांत लाभले नव्हते.

शनिवारी ते अदालतीत गेले. परत आले तेव्हा अंगणात चटई नव्हती. मोरीजवळच्या दगडावर एकशे सदतीस भाग राखेने आणि चिंचेने लखलखीत घासून, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, पाणी निथळायला पालथे घातले होते. शेजारी भांडी घासणाऱ्या द्वारकाबाई दंड चोळत बसल्या होत्या. पंधरा वर्षे या घराची मोरी त्यांच्याकडे होती. मोरीशेजारी काळे ते आपले, एवढे त्यांना माहीत होते.

"चिठ्ठ्या कुठं आहेत?" सदाशिवरावांनी अगदी हळू आवाजात विचारले.

"कागदं व्हय? तेलकट व्हते, मालक. चुलीत लई झ्याक पेटले." द्वारकाबाईंनी कपाळ पुसले. "पर काय ते काळं! लग्नाच्या पंगतीची भांडी बरी. याचं येगळं घ्यायला पायजे, पर ऱ्हाऊ द्या, घरचंच हाय."

सदाशिवराव पायरीवर बसले. बाईंना बोलावे तर कशाबद्दल? त्यांनी मन लावून काम केले होते, आणि वरचे पैसेही मागितले नव्हते. उमाबाई आतून आल्या, त्यांनी दगडाकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावून परत आत गेल्या.

मग पुस्तकातली चित्रे आली. शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची संध्याकाळ सदाशिवराव चित्र पाहत होते आणि भाग बसवत होते. रविवारी नऊच्या सुमारास चित्रांतले सगळे भाग बसले. इंजिन सुरू करायचा पुढचा दांडा मात्र तसूभर फिरेना, आणि चटईवर तेवीस भाग शिल्लक होते. पुस्तकात त्यांच्याबद्दल अवाक्षर नव्हते.

आता चांदपाशाशिवाय गती नव्हती. पण त्याच्या दुकानात जाऊन काय सांगायचे? गुरुवारी ज्याला आपण पाहतो म्हणालो, त्याला सोमवारी तुम्ही पाहा म्हणायचे? सदाशिवरावांची मान त्या बाजूला वळेना. शेवटी त्यांना एक युक्ती सुचली. मिस्त्रीला चहापाण्याला बोलवावे. खुर्च्या अंगणात मोटारीसमोर मांडाव्यात. उघडे इंजिन पाहिले की मिस्त्रीचे हात शिवशिवणारच. तो आपण होऊन उठेल, आणि आपल्याला तोंडाने काही मागावे लागणार नाही.

सोमवारी संध्याकाळी चांदपाशा आला तो इस्त्रीची शेरवानी घालून, अत्तर लावून, बायको जैतुनबीला टांग्यातून घेऊन आणि नानखटाईचा डबा घेऊन. वकिलाने घरी बोलावले याचे त्याला फार वाटले होते, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. जैतुनबी आत उमाबाईंकडे गेली. चांदपाशाने अंगणातली खुर्ची उचलली, मोटारीकडे पाठ होईल अशी फिरवली आणि बसला.

तासभर उन्हाळ्यावर बोलणे झाले, आंब्यांवर झाले, लासूर स्टेशनच्या बाजारात बैलांचे भाव कसे चढले यावरही झाले. सदाशिवराव दर वाक्याला मोटारीकडे नजर टाकत होते. चांदपाशाची मान हलली नाही. शेवटी न राहवून त्यांनी म्हटले की जरा मागे वळून पाहिलेत तर बरे.

"तोबा, वकीलसाब." चांदपाशाने दोन्ही कानांना हात लावले. "आज मी मेहमान. कुनाच्या घरी पाव्हना म्हनून जावं, आन् त्याच्या उघड्या पसाऱ्यात डोळे घालावं, ही काय तहजीब झाली?"

यावर वकीलसाहेबांनी डबा पुढे ओढला. नानखटाई उत्तम होती, ती त्यांनी खाल्ली.

मंगळवारी सकाळी मात्र चांदपाशा तेलकट कपड्यांत, हत्यारांची पेटी आणि आधीच मागवून ठेवलेल्या रिंगा घेऊन दारात हजर. सदाशिवराव चकित झाले. झाले होते इतकेच, की त्यांना चार दिवसांत जी गोष्ट बोलता आली नव्हती ती उमाबाईंनी जैतुनबीला दोन वाक्यांत सांगितली होती, मोटारीचे तुकडे झालेत आणि पैसे सांगाल तेवढे देऊ. चांदपाशाने अंगणातले दृश्य पाहिले. त्याच्या कपाळावर एक शीर उठली आणि लगेच बसली.

"सुभानल्ला," तो म्हणाला. "इतकं साफ इंजन विलायतेतून बी येत नाय."

मग बसवलेले सगळे त्याने पुन्हा उघडले आणि प्रत्येक भागातली राख काढायला अर्धा दिवस आणि दोन डबे घासलेट घातले. बिलात त्याचे तीन रुपये वाढले, पण 'राख' हा शब्द कुठे आला नाही, नुसते 'सफाई' एवढेच आले. संध्याकाळी अदालतीतून आल्यावर सदाशिवराव शेजारी बसून त्याला पाना-पकड देत. गुरुवारी दिवे लागायच्या आत इंजिन असे सुरू झाले की गुलमंडीपर्यंत आवाज गेला असेल, निदान सदाशिवरावांना तसे वाटले. त्यांचे डोळे भरून आले होते.

शुक्रवारी फुलंब्रीला निघताना चांदपाशाही बरोबर आला. रिंगा नव्या आहेत, पहिल्या फेरीला गाडी जपून न्यावी लागते, म्हणाला. चौक्याचा चढ मोटारीने एकदाही न खोकता पार केला, आणि त्या चढाबरोबर सदाशिवरावांची मानही वर गेली. फुलंब्रीत गाव पुन्हा दारात उभे होते. काकासाहेब वेशीपर्यंत आले.

"काय दाजी, बैलं न्हाई लागली?"

"बैल कशाला?" सदाशिवराव खाली उतरत म्हणाले. "सबंध इंजिन स्वतः उघडलं. एकशे सदतीस भाग, या हातांनी."

यात एक अक्षर खोटे नव्हते. उघडले कोणी ते त्यांनी सांगितले. मिटले कोणी हे कोणी विचारले नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वकील देत नाही. उमाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि बाळाकडे गेल्या.

बारसे झकास झाले. आत्याने कानात नाव सांगितले, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, पंगती उठल्या. तोवर ओसरीवर एकशे सदतीस भागांची गोष्ट तीनदा सांगून झाली होती, आणि दर वेळी चांदपाशा कमी कमी होत गेला होता. तिसऱ्या वेळी तो गोष्टीत उरलाच नाही. खुद्द चांदपाशा तिथेच, खांबाला टेकून पान खात बसला होता. तो मधे एकदाही बोलला नाही, उलट योग्य जागी मान डोलावत होता.

पान झाल्यावर काकासाहेब उठून जवळ आले. त्यांचा आवाज बदलला होता, त्यात चेष्टा राहिली नव्हती.

"दाजी, लई बरं झालं तुमी आलात. विहिरीवरचं तेलाचं इंजिन दहा दिवस झालं बंद हाय. ऊस वाळून चाललाय. शहरातला मानूस नुसतं खोलायचं साठ मागतो. म्या म्हनलं, आता घरचाच मानूस असताना भाईरच्याला कशाला द्यायचं?"

ओसरी उठली. सदाशिवरावांना काही सुचायच्या आत तीस-चाळीस माणसे त्यांना मधे घेऊन विहिरीकडे निघाली होती, आणि मागून बायकाही. विहिरीवर इंजिन उभे होते, मोटारीच्या इंजिनापेक्षा तिपटीने मोठे, आणि याचे पुस्तकही नव्हते. पलीकडे उसाची पाने पिवळी पडली होती. ती पाहून सदाशिवरावांना खरोखरच वाईट वाटले, आणि त्याहून जास्त भीती वाटली. त्यांनी गर्दीत चांदपाशाला शोधले आणि डोळ्यांनीच विनवले.

चांदपाशा पुढे आला. त्याने इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. उजवा हात छातीवर ठेवून तो दोन पावले मागे सरला.

"वकीलसाब उभे असताना मी हात लावला, तर ती बेअदबी व्हईल," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "तुमी खोला. मी पाना-पकड देतो."

गावाने मिस्त्रीच्या विनयाला दाद दिली. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते, हे सदाशिवरावांनी दोनदा निरखून पाहिले. माणूस खरेच भला होता, की गोष्टीतून वगळल्याचा हिशेब आता चुकता करत होता, हे त्यांना कधीच कळले नाही.

वीस वर्षांत सदाशिवरावांनी अदालतीत शेकडो वेळा मुदत मागितली असेल, आणि बहुतेक वेळा ती मिळाली होती. काकासाहेबांजवळही त्यांनी मागून पाहिली. आज चांगल्या कपड्यांत आलोय, पुढच्या शुक्रवारी मुद्दाम येतो, म्हणाले. पण तोवर ऊस थांबणार नव्हता.

उमाबाई बायकांतून पुढे आल्या. बारा दिवसांत पहिल्यांदाच त्या मनमोकळ्या हसत होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "कोट द्या इकडं, अहो. डाग पडतील."

सदाशिवरावांनी कोटाची बटणे काढायला सुरुवात केली.