सहभागी व्यक्तीची गोपनीयता

दंड पुढे करण्याआधी इस्त्रीवाल्या मावशींनी मनातल्या मनात हिशेब करून पाहिला होता. जाणार ते चमचाभर रक्त. मिळणार ते दोन महिन्यांपासून येत असलेल्या चकरेचं कारण, तेही फुकट. गेल्याच आठवड्यात तापलेली इस्त्री हातात असताना त्यांचा तोल गेला होता. भिंत होती म्हणून निभावलं. सौदा फायद्याचा होता.

पाहणी होती ‘वस्तीचे आरोग्य व शरीररचना’ या विषयाची. शाळेच्या रिकाम्या वर्गात एका तरुण संशोधकाने मावशींची उंची, डोक्याचा घेर, नाकाची रुंदी आणि कानाची लांबी मोजली.

“कान कशाला?”

“तुलनेसाठी, मावशी.”

“कुणाशी?”

“ते अजून ठरायचंय.”

“नाक मोजलंत साहेब, पण त्यावरचा राग मोजायचा राहिला,” रांगेतून जाऊबाई म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी मावशी पाहणीच्या कचेरीत गेल्या.

“माझा रिपोर्ट हवा होता.”

“गोपनीय आहे,” कारकून म्हणाला.

“कुणापासून?”

“सगळ्यांपासून.”

“अहो, रक्त माझं आहे.”

“होतं,” कारकुनाने दुरुस्ती केली.

मग त्याने समजावून सांगितलं. नावं काढून प्रत्येकीला क्रमांक दिलेला आहे. कोणता क्रमांक कुणाचा, ती यादी कपाटात मोहोरबंद आहे, आणि हे सगळं मावशींच्याच भल्यासाठी आहे. मावशींनी अर्ज केला. पाच सदस्यांच्या नीतिसमितीने तो सहानुभूतीपूर्वक वाचला आणि निर्णय दिला की, संबंधित सहभागी व्यक्तीची लेखी संमती असल्यास यादी उघडता येईल.

“मग मी देते की संमती.”

“संबंधित व्यक्ती तुम्हीच, हे यादी उघडल्याशिवाय कसं कळणार?”

यावर तोडगा निघाला. मावशींनी ताजं रक्त द्यावं, कान-नाक पुन्हा मोजून घ्यावं, आणि कचेरीने ते जुन्या नमुन्यांशी ताडून पाहावं. मावशींनी दिलं. मात्र क्रमांकाविना नमुना घेणं नियमात बसत नसल्याने त्याला नवा क्रमांक देण्यात आला आणि नाव काढून टाकण्यात आलं. मावशींनी तक्रार केली. तक्रारीची शहानिशा करण्यासाठी तिसऱ्यांदा कान-नाक मोजून रक्त घेण्यात आलं. त्यालाही क्रमांक मिळाला.

अहवालात मोठाच शोध लागला. वस्तीतल्या तीन स्त्रियांच्या अंगात रक्त इतकं कमी होतं की तातडीने उपचार हवेत. शिवाय तिघींच्या कानांची लांबी तंतोतंत सारखी. पांडुरोग आणि कान यांच्यातला हा आनुवंशिक दुवा पाहून संशोधकाचे मार्गदर्शक गहिवरले. संशोधकाला पदवी मिळाली.

मावशी कपडे वर्तमानपत्रात गुंडाळत असताना ही बातमी जाऊबाईंच्या नजरेला पडली. त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली.

“तीन बायका म्हणे. कोण गं असतील?”

“असतील कोणी बिचाऱ्या,” मावशी टेबलाचा आधार घेत म्हणाल्या. “कोणीतरी सांगायला हवं त्यांना.”

त्याच दुपारी त्या कोसळल्या. इस्त्री मनगटावर पडली, आणि इस्पितळात भाजल्याचा उपचार करण्यापूर्वी नियमानुसार चौथ्यांदा रक्त घेण्यात आलं.

एकूण जमाखर्च असा. संशोधकाला पदवी, मार्गदर्शकांना परिषदेचं निमंत्रण, समितीला तीन बैठकांचा भत्ता. मावशींचं चार वेळचं रक्त आणि एक हात. तुमचं काही गेलं नाही. ती बातमी तुम्हीही वाचलीत, ‘या बायका स्वतःच्या तब्येतीकडे लक्षच देत नाहीत’ असं घरात म्हणालात, आणि शर्ट अजून का आले नाहीत म्हणून मावशींना फोन लावलात.