संदर्भासाठी मर्व्ह अ‍ॅस्क्यू

"बारा वाजायच्या आत संदर्भासाठी एक नाव पाहिजे, नॉलीन. नाव नाही तर अर्ज पुढे जाणार नाही," भरती एजन्सीतला ब्रेडन फोनवर म्हणाला आणि पेटोनीमधल्या आपल्या स्वयंपाकघरात नॉलीन ट्रेगरने अर्धं खाल्लेलं फेजोआचं फळ चमच्यासकट बशीत टाकला.

"अरे, पण मुलाखत कुठाय? ऑफिसचं नाव कुठाय? आधी त्यांना मला बोलावू तरी दे!"

"नाव गुप्त आहे. पण जागा काय झकास आहे म्हणून सांगू! नऊ महिन्यांचं कंत्राट, तुमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. फक्त जुन्या साहेबांचं एक नाव द्या. दोन मिनिटं गोड बोलून फोन ठेवतो."

हे गोड बोलणं नॉलीनच्या चांगलंच ओळखीचं होतं. सॉफ्टवेअर वापरात यायच्या आधी त्यातल्या चुका हुडकायचं काम ती बावीस वर्षं कंत्राटावर करत आली होती, आज या ऑफिसात तर उद्या त्या. भरतीवाले संदर्भ मागतात ते उमेदवार कसा आहे हे कळावं म्हणून नव्हे, तर कुठल्या ऑफिसात माणसं घ्यायचा अधिकार कोणाला आहे हे कळावं म्हणून, अशी तिची पक्की खात्री झाली होती. मागे एकदा तिने भोळेपणाने एका साहेबीणबाईंचं नाव दिलं. आठवड्याभरात त्या बाईंना 'तुम्हाला माणसं हवीत का?' म्हणून चौदा फोन गेले. तेव्हापासून सुपरमार्केटात नॉलीन दिसली की त्या भोपळ्यांच्या ढिगामागे सरकायच्या.

पण आता हट्ट करून चालणार नव्हतं. अकरा आठवडे ती घरी होती आणि येत्या सोमवारपासून नणंदेच्या, म्हणजे बेव्हर्लीच्या, पार्लरात कुत्र्यांना आंघोळ घालायला जायचं तिने कबूल करून टाकलं होतं. बेव्हर्ली तीस वर्षं तिच्या चुका काढत होती, तेही फुकट. आता ती पगार देऊन काढणार होती.

तेवढ्यात नवरा क्लाइव्ह एक जांभळा एप्रन घेऊन आत आला.

"ताईने पाठवलाय. बघ, तुझं नाव भरून घेतलंय वर."

"उसवता येईल?"

"मशीनचं काम आहे, पक्कं आहे. आणि तिने निरोप दिलाय की सोमवारी नखं कापून ये."

"माझी की कुत्र्यांची?"

"ते मी विचारलं नाही गं."

एप्रनकडे बघता बघता नॉलीनला एकदम सुचलं. ज्याच्याकडून भरतीवाल्याला कवडीचा फायदा नाही, असाच माणूस द्यायचा! मर्व्ह अ‍ॅस्क्यू! कंत्राटं सुरू व्हायच्या आधीचा, तिचा पहिला साहेब. वय त्र्याहत्तर, निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली, वायकानेमध्ये बायकोबरोबर राहतो आणि हिरवळीवर बोल्सचे चेंडू घरंगळवत बसतो. त्याला काय विकणार ब्रेडन? ती खुशीत टेबलावर थाप मारून उठली, तिने ब्रेडनला नाव कळवलं आणि लगेच मर्व्हला फोन लावला.

"नॉलीन! अगं, किती वर्षांनी!" मर्व्ह ओरडला. "मला हल्ली कानाची यंत्रं विकणाऱ्यांशिवाय कुणी फोन करत नाही. बोल, काय सांगू त्या पोराला?"

"वेळेवर येते म्हणा. कामाला चोख आहे म्हणा. आणि फार वेळ बोलू नका."

"पाच मिनिटांत उडवतो!"

साडेअकराला तिने पुन्हा फोन लावला. मर्व्हचा नंबर व्यस्त. पावणेबाराला व्यस्त. बारालाही व्यस्त. नॉलीनने ओट्याभोवती फेऱ्या घालायला सुरुवात केली.

"बघ, किती बोलतोय माझ्याबद्दल! इतकी स्तुती झाल्यावर कोण नाही म्हणेल?"

"नाहीतर तुझ्या चुका आठवत बसला असेल," क्लाइव्ह म्हणाला.

साडेबाराला मर्व्हचाच फोन आला. त्याला धाप लागली होती.

"फक्कड झालं, पोरी! काय गोड मुलगा आहे! तुझी पाच मिनिटं तोंड भरून स्तुती केली."

"आणि उरलेला तास?"

"त्याने विचारलं, तुम्ही काय करायचात? म्हटलं, कुत्र्यांच्या नोंदणीची प्रणाली मी लिहिली, पस्तीस वर्षांपूर्वी, एकट्याने. तर तो किंचाळलाच! अगं, ती अजून चालू आहे! नगरपालिका आता नवी आणतेय आणि जुनीच्या पोटात काय आहे ते कुणाला कळत नाही म्हणून सगळे डोकं धरून बसलेत. तुझ्यापासून ऑफिसचं नाव गुप्त ठेवलं होतं म्हणे? तेच ते! मला तीन वाजता मुलाखतीला बोलावलंय. आमची जोन सूट शोधतेय. विजार कमरेत बसत नाही, पण मुलाखत व्हिडिओवर आहे!"

नॉलीन मटकन खुर्चीत बसली. तिची जागा, तिचं कंत्राट, तिची पंधरा मिनिटं, सगळं तिने स्वतःच्या तोंडाने मर्व्हच्या घरी पोचवलं होतं. तिला रडू येत होतं आणि त्या विजारीपायी हसूही आवरत नव्हतं.

"शाब्बास, मर्व्ह," ती कशीबशी म्हणाली.

चार वाजता ब्रेडनचा फोन आला. त्याचा आवाज आनंदाने नुसता उड्या मारत होता.

"नॉलीन, ऑफिसने जरा वेगळा विचार केलाय. मर्व्ह त्यांना प्रचंड आवडलेत! फक्त त्यांच्यासाठी एक संदर्भ पाहिजे. त्यांचे साहेब सगळे वारलेत. त्यांनी तुमचं नाव दिलंय."

"माझं?"

"पाचच मिनिटं. माणूस कसा आहे?"

क्लाइव्ह तिच्या कानाशी येऊन कुजबुजला, "विसरभोळा आहे म्हण. एवढंच म्हण. खोटं नाही, आपल्या लग्नात तो दुसऱ्याच चर्चमध्ये जाऊन बसला होता."

एका शब्दाचं काम होतं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस आणि विसरभोळा, पुढे काही बोलायचीही गरज पडली नसती. एप्रन समोरच्या खुर्चीवर पडला होता. नॉलीनने तोंड उघडलं आणि तो शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

"माणूस कसा आहे म्हणजे?" ती रागानेच म्हणाली. "माझ्या पहिल्याच महिन्यात मी एक चूक पकडली, त्याचीच. सगळ्यांसमोर सांगितली. दुसरा असता तर त्याने मला दाराबाहेर काढलं असतं. मर्व्हने मला केक आणून दिला! स्वतःचा दोष कधी खालच्यांवर ढकलला नाही त्याने. नाताळच्या सुट्टीत यंत्रं बंद पडली तेव्हा आम्हाला घरी पाठवून स्वतः बसला. तुमच्या त्या ऑफिसने त्याला घेतलं नाही तर ती माणसं ठार वेडी आहेत, असं लिही!"

ती थांबली तेव्हा पाऊण तास झाला होता आणि क्लाइव्ह डोळे पुसत होता.

"शेवटचा प्रश्न," ब्रेडन म्हणाला. "या व्यक्तीबरोबर पुन्हा काम कराल का?"

"करीन की! पण मला कोण विचारतंय? जागा तर त्याला दिलीत."

"हो किंवा नाही म्हणा."

"हो, बाबा, हो! सोमवारी सकाळी करीन!"

तिकडे ब्रेडनने मोठा सुस्कारा सोडला.

"वाचवलंत! त्यांनी मुलाखतीत अट घातलीय. टेस्टर म्हणून नॉलीन असेल तरच येईन, दुसरं कुणी चालणार नाही. ऑफिस तयार आहे. पण तुमच्या मनात काय आहे हे आधी कळल्याशिवाय मला सांगता येत नव्हतं. तुम्ही त्यांच्याविरुद्ध बोलला असतात तर दोघांचंही गेलं असतं."

नॉलीनने क्लाइव्हकडे अशी नजर टाकली की तो लगबगीने चहाचं आधण ठेवायला गेला. मग तिच्या अंगात आनंद मावेना. तिने एप्रन उचलून गरागरा फिरवला.

"थांबा, थांबा," ब्रेडन म्हणाला, "एक छोटी अडचण आहे. फाइलमध्ये तुमचा संदर्भ लागतो."

"मर्व्हने दिला ना सकाळी? पाच मिनिटं तोंड भरून!"

ब्रेडनने पलीकडे कागद उलटेपालटे केले.

"खरं सांगू? ते कुत्र्यांवर आले आणि मी लिहायचंच विसरलो. तुमचा फॉर्म कोराच आहे. आता ते तुमचे साहेब होणार, म्हणजे त्यांना परत विचारता येत नाही. आणि पाच वाजता फाइल बंद होते."

"मग काय भरणार त्यात?"

"तसं हे फॉर्म कुणी वाचत नाही हो. पण रिकामाही चालत नाही." त्याने आवाज खाली आणला. "तुम्हीच सांगता का? पटापट?"

नॉलीनने खुर्ची पुढे ओढली आणि ऐसपैस बसली.

"लिही," ती म्हणाली. "आणि मी म्हणते ते जसंच्या तसं लिही, मध्ये काही गाळू नकोस."