अल्व्हिनाबाईंचं ताट

नाताळ आठ दिवसांवर आला होता, अल्व्हिनाबाईंचं नाक चार दिवस चोंदलेलं होतं, आणि तरी सकाळपासून त्या स्वयंपाकघरात नुसत्या नाचत होत्या. या वर्षी आपलं ताट रिकामं होणार, याची त्यांना खात्री होती.

मिनेसोटातल्या त्या गावात दर नाताळाला चर्चच्या तळघरात कुकीजची अदलाबदल होते. आठ बायका आपापली ताटं मांडतात, एकमेकींच्या कुकीज डब्यांत भरून नेतात, आणि उरेल ते पाद्रीबाबांच्या घरी जातं. गेली अकरा वर्षं पाद्रीबाबा अल्व्हिनाबाईंच्याच आल्याच्या कुकीज खात होते. त्यांची काही तक्रार नव्हती, पण बाईंच्या मनाला ते फार लागलं होतं.

म्हणून या खेपेला चॉकलेट आणि पेपरमिंट. पेपरमिंटचा अर्क आणायला त्यांनी नवऱ्याला, हॅल्वररावांना, दुकानात पिटाळलं. त्यांनी आणलं पेपरमिंटचं तेल, ज्याचे चार थेंब अख्ख्या गल्लीला पुरावेत. बाटली एवढीशी का, म्हणून बाईंनी दुकानदाराला नावं ठेवली आणि चमचाभर ओतलं. पीठ चाखून पाहिलं, तर चवच नाही. चोंदलेल्या नाकाला कुठली चव कळणार! आणखी एक चमचा ओतला. मग सणासुदीला हात आखडता कशाला घ्या, म्हणून उरलंसुरलंही. वर लाल-पांढऱ्या गोळ्यांचा चुरा भुरभुरला.

पहिली गरम कुकी हॅल्वररावांनी खाल्ली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बोलवेना, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांना इतकं भरून आलेलं बाईंनी पाहिलं नव्हतं. खूश होऊन त्यांनी नवऱ्यासाठी डझनभर वेगळ्या काढून ठेवल्या.

तळघरात पहिला घास बर्निसने घेतला. बर्निस म्हणजे जिचं ताट दर वर्षी सगळ्यांच्या आधी संपतं ती. ती बराच वेळ छताकडे बघत राहिली.

"वेगळंच लागतंय हो," ती म्हणाली.

त्या गावात कुणी कशाला वाईट म्हणत नाही. फार झालं तर वेगळं म्हणतात, आणि ते ऐकलेल्या बाईला आठवडाभर जेवण जात नाही. अल्व्हिनाबाईंचं काळीज चरकलं. पण आता माघार कसली? त्यांनी चिमटा उचलला आणि 'थांब, मीच भरून देते' म्हणत एकेकीचा डबा पुढ्यात ओढला. तोंडावर नको म्हणणं तिथल्या माणसांच्या रक्तातच नाही. ताट लख्ख झालं. घरी जाताना बाई गाडीत चक्क गात होत्या.

रविवारी पाद्रीबाबा प्रवचनाला उभे राहिले. आठवडाभर त्यांचा घसा बसला होता आणि सगळ्यांना त्याचीच काळजी होती. पण आवाज असा खणखणीत लागला की पुढच्या बाकावरची मंडळी दचकली.

"बुधवारपासून माझ्या दारात कुणी कुणी चॉकलेट-पेपरमिंटच्या कुकीज ठेवून गेलं," ते म्हणाले. "नाव नाही, गाव नाही. एकूण आठ डबे. रोज एक खाल्ली आणि घसा, नाक, डोकं, सगळं मोकळं झालं. ज्या माउलीने केल्या, तिने पुढच्या वर्षीही नक्की कराव्यात."

सात बायका प्रार्थनेच्या पुस्तकांत डोकं खुपसून बसल्या होत्या. अल्व्हिनाबाईंची छाती अभिमानाने फुगली होती आणि कान रागाने तापले होते. त्यांनी बायका मोजल्या. पुन्हा मोजल्या. सातच. मग त्यांनी सावकाश शेजारी पाहिलं. हॅल्वरराव चष्मा न लावताच पुस्तक वाचत होते.

"तुम्ही तर मान हलवली होतीत," त्या कुजबुजल्या. "खरं सांगा, कशा झाल्या होत्या?"

हॅल्वररावांनी पान उलटलं.

"वेगळ्याच."