पाण्याचा शुद्ध उच्चार

पाणीपुरवठा कार्यालयाच्या साहेबांनी एका जाहीर समारंभात ‘जलशुद्धीकरण’मधला ‘ज’ ‘जळणे’मधल्यासारखा उच्चारला आणि पहिल्या रांगेतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांना ते झोंबलं. दुसऱ्याच दिवशी फर्मान निघालं: यापुढे कार्यालयाच्या मजकुरातील प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर त्याचा उच्चार बारीक अक्षरांत छापण्यात यावा.

घोंगडं अर्थातच टाइपिस्टबाईंच्या गळ्यात आलं. संगणकात तशी सोय होती. शब्द निवडायचा, चौकटीत उच्चार भरायचा, की तो शब्दाच्या डोक्यावर जाऊन बसे. बाईंना आधी गंमत वाटली. मग उच्चार समिती नेमली गेली.

त्याच सुमारास गावाच्या टाकीत गटाराचं पाणी मिसळलं. बाईंनी हातासरशी सूचना टाइप केली: ‘नागरिकांना सविनय कळविण्यात येते की, नळाचे पाणी दूषित असल्याने ते उकळूनच प्यावे.’

“‘उकळूनच’मधला ‘च’ कुठला?” समितीच्या अध्यक्षांनी विचारलं. “चहातला की चोरातला?”

“चोरातला, सर. पण लोक पाणी पिताहेत हो!”

“पिऊ देत. चुकीचं वाचलं तर जबाबदार कोण?”

‘च’वर समितीत दोन तट पडले. बैठकीतूनच एकेक सदस्य बाहेर जाऊन घरी फोन करून आला, “पाणी उकळून घे गं.” बाईंनीही सासूबाईंना बजावलं, “उकळल्याशिवाय घोटभरही घेऊ नका.”

अखेर दोन्ही ‘च’ छापायचं ठरलं. डोक्यावरच्या उच्चारांनी ओळी फुगल्या, सूचनाफलकावर लांबून वाचता येतील एवढी मोठी अक्षरं हवीत म्हणून आणखी फुगल्या आणि सूचना दोन पानांवर गेली. काटकसरीच्या नियमानुसार फलकावर एकच पान लावता येई. लोकांनी ‘नागरिकांना सविनय कळविण्यात येते की’ एवढं खणखणीत, शुद्ध वाचलं आणि ते घरी जाऊन पाणी प्यायले.

दवाखाने भरले. चौकशी झाली. सूचनेत एकही उच्चारदोष आढळला नाही, म्हणून साहेबांचं अभिनंदन झालं.

संध्याकाळी शेजारीण टाइपिस्टबाईंच्या दारात उभी राहिली. तिची लेक दोन दिवस सलाइनवर होती.

“पानी खराब आहे, एवढं तोंडानं सांगितलं असतंत तरी चाललं असतं, ताई.”

बाईंची मान खाली गेली. पण त्याआधी क्षणभर त्यांना ते ‘पानी’ खटकलं.

तुम्हालाही खटकलंच की.