बेपत्ता चाळीस लिटर

सलग चौथ्या दिवशी तपासणीच्या मॅडमनी कपाटांच्या दारांवर लाल चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि सलग चौथ्या संध्याकाळी त्यांच्या नवऱ्याने घरी तोंड फुगवले.

दोघे एकाच कारखान्यात होते. लोखंडी कपाटे बनवायचा कारखाना. मॅडम रंग वाळलेल्या दारांवरून बोटे फिरवून ती पास-नापास करायच्या. नवरा कॉम्प्रेसर सांभाळायचा, म्हणजे बाहेरची हवा ओढून, दाबून, नळ्यांमधून कारखानाभर पोचवणारे ते अवाढव्य धूड. रंगाऱ्याची पिचकारी त्याच हवेवर चाले. म्हणून सगळे त्यांना हवावाले म्हणत. फाटकाच्या आत हे नवरा-बायको एकमेकांना 'साहेब' आणि 'मॅडम' म्हणायचे. फाटकाबाहेर साहेबांचे साहेबपण दहा पावलेही टिकत नसे.

"फोड येतायत रे दारांवर. मोहरीएवढे," मॅडम भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "तुझ्या हवेतून पाणी येतंय."

"माझ्या हवेतून? रंग पातळ केला असेल."

"रंगारीकाका तीस वर्षं रंग मारतायत."

"मग मीसुद्धा अकरा वर्षं हवा मारतोय!"

वाक्य तोंडातून निसटल्यावर हवावाल्यांनाच कसेसे झाले. बायको हसली नाही, म्हणजे प्रकरण खरोखरच गंभीर होते. आणि ते होतेच. एका इस्पितळाला पुढच्या आठवड्यात दोनशे कपाटे पोचवायची होती आणि त्यातली निम्मी दारे देवीचे फोड आल्यासारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी बैठकीत मोठे साहेब फक्त एवढेच म्हणाले, "जबाबदारी कुणाची?" सगळ्यांनी नुसते हवावाल्यांकडे पाहिले.

हवावाले मुळात अभ्यासू. त्यांनी घसा खाकरला.

"साहेब, हवा म्हणजे ओला स्पंज. दाबली की पाणी सुटणारच. ते टाकीत साचतं आणि खालच्या नळीतून बाहेर जातं. आत किती ओल जाते आणि बाहेर किती पाणी पडतं हे मोजलं, की दूध का दूध होईल."

"मोजा. पण कपाटं जायच्या आधी मोजा."

त्याच दुपारी हवावाल्यांनी कॉम्प्रेसरच्या खोलीत, यंत्र जिथून हवा ओढते त्या जाळीशेजारी, स्वतःच्या हाताने एक खिळा ठोकला आणि त्यावर हवेतली ओल मोजणारे छोटे यंत्र टांगले. त्याची वायर थेट त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडली. आता खुर्चीतून न उठता हवेची नाडी कळणार होती. या सोयीचे त्यांना फार कौतुक वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पडद्यावर आकडा आला अठ्ठ्याण्णव टक्के. तिसऱ्या दिवशीही दहाला अठ्ठ्याण्णव. हवावाल्यांनी कोष्टक मांडले. इतकी ओल, इतकी हवा, इतका दाब. उत्तर आले की एका पाळीत शहात्तर लिटर पाणी बाहेर पडायला हवे. मग ते खोलीबाहेरच्या टाकीच्या नळीखाली बादली लावून बसले. पाळी संपेपर्यंत मापाने मोजले. छत्तीस भरले.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कोष्टक पसरले गेले. मॅडमनी पेन्सिल घेऊन आकडे पुन्हा तपासले.

"गुणाकार बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण चाळीस लिटर म्हणजे आपल्या घरच्या अडीच बादल्या झाल्या रे. एवढं पाणी लपून बसेल कुठे?"

"नळ्यांमध्ये. आठशे मीटर नळी फिरलीये कारखान्यात."

"आणि रोज चाळीस साचत असेल तर आतापर्यंत नळ्यांमधून धबधबा नको का यायला?"

"तेच तर भयंकर आहे," हवावाले म्हणाले आणि पाणी प्यायले.

त्यांनी सकाळी हे फक्त भांडारातल्या माणसाला सांगितले, तेही हळू आवाजात. डबा खायच्या सुट्टीपर्यंत चाळीसचे चारशे झाले होते. जोडकाम करणारे डोक्यावरच्या नळीकडे बघत जेवत होते. पहारेकरी नळीखालून जायचे टाळून अख्ख्या इमारतीला वळसा घालू लागला. नळी फुटली तर कुणाच्या अंगावर फुटेल, यावर दोन तट पडले. शेवटी मोठ्या साहेबांनीच हुकूम काढला की उद्या सकाळी आठला कारखाना बंद ठेवून पाणी शोधायचे.

सकाळी आठला कॉम्प्रेसर थांबला आणि इतकी शांतता पसरली, की लोक आपोआप कुजबुजत बोलायला लागले. तेवीस ठिकाणी तेवीस माणसे बादल्या घेऊन उभी राहिली. हवावाल्यांनी हात खाली केला. सगळ्या तोट्या एकदम उघडल्या. फुर्रर्र झाले, धूळ उडाली, गंजाचे पापुद्रे पडले, एका नळीतून वाळून कोळ झालेले झुरळ बाहेर आले. पाणी मात्र थेंबभर नाही.

"साहेब, आमच्याकडे कोरडं!"

"आमच्याकडेपण!"

हवावाल्यांचा चेहराही कोरडा पडत चालला. एवढ्यात रंगकामाच्या खोलीतून मॅडमची हाक आली, "साहेब, इकडे या जरा!"

रंगारीकाकांच्या रेडिओमागे नळीला शेवटची गाळणी होती, हवेतले उरलेसुरले पाणी अडवणारी. तिच्याखालचा काचेचा पेला गढूळ पाण्याने काठोकाठ भरला होता. त्यातले पाणी आपोआप बाहेर सोडणारी तोटी घट्ट आवळून बंद केलेली होती.

"काका, ही कुणी बंद केली?"

"मीच," काका म्हणाले. त्यांनी लपवले नाही. "दर दोन मिनिटांनी फुस्स करायची हो ती. गाण्यात गायक वरच्या सुराला पोचला की नेमकं फुस्स. महिनाभर सोसलं. मग दिली एकदा आवळून."

"कधी?"

"झाले असतील आठ-दहा दिवस."

मॅडमनी पेला मापात ओतला. "पाव लिटर. साहेब, मिळालं तुमचं पाणी. फोड यायला एवढं भरपूर झालं. पेला भरला आणि जास्तीचं सगळं पिचकारीत गेलं."

"मॅडम, हे पाव लिटर आहे," हवावाले हट्टाने म्हणाले. "अजून पावणेचाळीस बाकी आहे."

"बाकी आहे म्हणजे? कुणी वचन दिलं होतं का तुम्हाला?"

"कोष्टकानं दिलंय!" असे म्हणून ते तरातरा आपल्या टेबलाकडे निघाले. मॅडमही मागोमाग गेल्या, कारण नवऱ्याची अशी चाल त्यांच्या ओळखीची होती.

पडद्यावर पंचावन्न टक्के दिसत होते. हवावाले बुचकळ्यात पडले. सकाळी एवढ्या लवकर त्यांनी कधी आकडा पाहिलाच नव्हता. ते बघत असतानाच आकडा हलला. साठ. मग एकाहत्तर, अठ्ठ्याऐंशी. नऊ वाजून पाच मिनिटांनी सत्त्याण्णव.

"कॉम्प्रेसर बंद, आत कुणी माणूस नाही," हवावाल्यांचा आवाज चिरकला, "मग ओल येतेय कुठून?"

"चल, बघूनच येऊ," मॅडम म्हणाल्या. फाटकाच्या आत त्यांनी 'चल' म्हटले, हे दोघांच्याही लक्षात आले नाही.

कॉम्प्रेसरच्या खोलीचे दार ढकलले, तर आत मोठे साहेब पाठमोरे, चवड्यांवर उभे होते. केस ओले. एक जाडजूड टॉवेल ते खिळ्यावर टांगून, दोन्ही टोके ओढून, सुरकुती राहू नये अशा बेताने पसरत होते. ओल मोजायचे यंत्र त्याच्या पोटात गडप झाले होते. शेजारच्या जाळीवर त्यांची पोहायची चड्डी आधीच वाळत पडली होती.

"साहेब?" हवावाले म्हणाले.

मोठे साहेब दचकून वळले, पण लगेच सावरले. "या, या. सापडलं का पाणी?"

"सापडतंय," मॅडम टॉवेलातून ठिबकणाऱ्या थेंबांकडे बघत म्हणाल्या.

"अहो, डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय रोज. ओला टॉवेल केबिनमध्ये बरा दिसत नाही. इथं कशी छान ऊब असते, जेवणापर्यंत कडकडीत वाळतो. त्यात तीन-चार दिवसांपूर्वी कुणीतरी खिळाही ठोकलाय सोयीचा."

"तो मी ठोकलाय, साहेब."

"छान ठोकलाय. मजबूत आहे."

हवावाल्यांनी टॉवेल उचलला. आतले यंत्र भिजलेल्या पिल्लासारखे खिळ्याला लटकले होते. त्यांनी मनातल्या मनात अठ्ठ्याण्णवच्या जागी पंचावन्न घालून गुणाकार केला आणि दाबल्यावरही हवेतच राहणारी ओल वजा केली. उत्तर आले छत्तीस. अगदी छत्तीस! क्षणभर त्यांना इतका आनंद झाला, की मोठ्या साहेबांना मिठी मारावीशी वाटली. मग आठवले, की बाहेर तेवीस ठिकाणी नळ्या उघड्या आहेत, तेवीस माणसे बादल्या धरून उभी आहेत, आणि ती शोधत असलेले पाणी या जगात कधी नव्हतेच.

मोठ्या साहेबांच्याही लक्षात हळूहळू सगळे आले. त्यांनी दार लोटून घेतले.

"मुख्य कचेरीला अहवाल जाणार आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "त्यात हे... म्हणजे काय लिहायचं?"

हवावाल्यांनी बायकोकडे पाहिले. मॅडमना नापास दाराबद्दल सभ्य शब्दांत लिहायची रोजची सवय होती. त्या म्हणाल्या, "लिहा, मोजणी यंत्रालगत ओलाव्याचा स्थानिक स्रोत आढळला. तो तत्काळ हटवण्यात आला."

"स्थानिक स्रोत," मोठे साहेब समाधानाने म्हणाले, आणि त्यांनी जाळीवरची चड्डी खिशात घातली.

रंगारीकाकांची तोटी उघडी झाली, रेडिओ दुसऱ्या कोपऱ्यात गेला, आणि दुपारपासून दारे आरशासारखी निघाली. मॅडमच्या लाल चिठ्ठ्यांचे पाकीट तसेच पडून राहिले. इस्पितळाची कपाटे वेळेवर गेली. अहवालही गेला. एकोणीस पानांचा, आलेखांसकट. मुख्य कचेरीतल्या लोकांनी त्यातले पहिले आणि शेवटचे पान वाचले. पहिल्यावर होते, 'चाळीस लिटर पाणी बेपत्ता, कारखाना थांबवून शोध'. शेवटच्यावर होते, 'फोड पूर्णपणे बंद'. त्यांना पद्धत फारच आवडली. मोठ्या साहेबांना तीन ठिकाणी भाषणाला बोलावले गेले, आणि बाकीच्या सगळ्या कारखान्यांना लेखी हुकूम निघाला, की एक दिवस यंत्रे थांबवून आपापले चाळीस लिटर शोधावेत.

महिन्याभराने मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये तिघे बसलेले असताना फोन वाजला. दुसऱ्या कारखान्याचा कॉम्प्रेसरवाला होता. हवावाल्यांना द्या म्हणाला. आवाज पार थकलेला.

"साहेब, दोन दिवस लागले, पण झालं एकदाचं काम. सापडलं."

"काय सापडलं?" हवावाल्यांनी विचारले.

"पाणी. चाळीस लिटर. मोजून चाळीस, एक थेंब कमी नाही की जास्त नाही. वर तसं कळवूनही टाकलंय."

हवावाल्यांनी फोन ठेवला आणि ऐकलेले जसेच्या तसे सांगितले. मॅडमनी घाईघाईने समोरचा कागद तोंडासमोर धरला; कागद थरथरत होता. मोठे साहेब मात्र हसले नाहीत. तो अहवाल त्यांनी तीन सभांमध्ये इतक्या कळकळीने वाचून दाखवला होता, की त्यातल्या अक्षरन् अक्षरावर आता त्यांचा स्वतःचाही विश्वास बसला होता. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"त्यांना सापडलं," ते गंभीरपणे म्हणाले. "मग हवावाले, आपलं कुठे गेलं?"